शिकाऊ कसे व्हावे: कामोठेकर नवशिक्यांसाठी

ही मार्गदर्शिका कोणासाठी आहे

तुम्ही बारावी सायन्स झाला आहात, किंवा बीसीए नाहीतर बीएस्सी आयटीच्या कुठल्यातरी वर्षात आहात. घर कामोठ्यात, म्हणजे ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ असं ब्रोकरनं सांगितलेल्या आणि शेअर रिक्षा लगेच मिळाली तरच पाच मिनिटं लागणाऱ्या सोसायटीत. खासगी इंजिनिअरिंग कॉलेजची फी ऐकून वडिलांनी टीव्हीचा आवाज वाढवला होता. मग साताऱ्याकडच्या एका लग्नात, पंगतीत, मामांनी विषय काढला: हल्ली मोठाल्या कंपन्या पोरांना घेतात, काम शिकवतात, वर पैसे देतात आणि शेवटी डिग्रीही देतात. मामा वाशीच्या मार्केटला आहेत. कांद्याचा भाव त्यांनी सांगितला की तसाच निघतो, म्हणून डिग्रीच्या बाबतीतही घरानं त्यांच्यावर विश्वास ठेवला.

मामा खोटं बोलले नाहीत. त्यांनी फक्त चार वेगवेगळ्या योजना एका घासात गिळल्या. त्या वेगळ्या करून दाखवणं हे या मार्गदर्शिकेचं काम.

पुढं वाचण्याआधी एक नियम पाठ करा. काम असेल तेव्हा कंपनीसाठी तुम्ही ‘टीमचा भाग’ असता; पैशाचा विषय निघाला की विद्यार्थी होता. कॉलेजसाठी फी भरायच्या दिवशी विद्यार्थी असता. हजेरीत सवलत मागायला गेलात की ‘तुम्ही काय बाबा, नोकरीवाले’ होता. घरी पाहुणे आले की तुम्ही ‘मोठ्या कंपनीत’ असता आणि दळण आणायचं असलं की ‘घरीच तर आहेस’. कुठल्या दारातून आत जाताना कोण व्हायचं हे ज्याला जमलं, त्याचं निम्मं शिक्षण झालं. उरलेलं निम्मं म्हणजे जावा आणि एसक्यूएल.

आधी प्रकार ओळखा

पहिला प्रकार बारावीनंतरचा. एचसीएलटेकची ‘टेकबी’ ही यातली सगळ्यांत माहीत असलेली योजना. बारावीला गणित, मग साधारण वर्षभर प्रशिक्षण, मग त्याच कंपनीत नोकरी, आणि नोकरी करता करता बिट्स पिलानी, शास्त्रा किंवा ॲमिटीसारख्या विद्यापीठाची पदवी. या कंपनीचं महाराष्ट्रातलं मोठं केंद्र नागपूरला आहे. कामोठ्याच्या मुलाला नागपूर ‘जवळच तर आहे’ असं वाटायला लागलं की समजावं, फॉर्म मनापासून भरला गेला आहे.

दुसरा प्रकार पदवी हातात असलेल्यांचा. विप्रोची ‘विल्प’ योजना बीसीए, बीएस्सीवाल्यांना घेते आणि नोकरीबरोबर कंपनीच्या खर्चानं एमटेक करू देते. हे काल-परवा कोणाला सुचलेलं नाही. बिट्स पिलानी नोकरदारांसाठीचे अभ्यासक्रम 1979 पासून चालवते, आणि विप्रोनं तिच्याबरोबर आपली सॉफ्टवेअर अकादमी काढली ती नव्वदच्या दशकात. त्या वेळी कामोठ्याचे कितीतरी सेक्टर फक्त सिडकोच्या नकाशावर होते.

तिसरा प्रकार कॉलेजातूनच जाणारा. पदवीचा अभ्यासक्रमच असा की त्यातली काही सत्रं वर्गाऐवजी कंपनीत काढायची आणि त्याचे क्रेडिट गुणपत्रिकेत मिळवायचे. विद्यापीठ अनुदान आयोगानं याची मार्गदर्शक तत्त्वं 2020 मध्ये काढली आणि 2025 मध्ये नव्यानं मांडली. तीन वर्षांच्या पदवीत किमान एक आणि जास्तीत जास्त तीन सत्रं, चार वर्षांच्या पदवीत दोन ते चार. मला विचाराल तर कामोठेकराला सगळ्यांत सोयीचा प्रकार हाच, कारण घर सुटत नाही. मात्र कॉलेजच्या माहितीपत्रकात ‘नामांकित कंपन्यांशी करार’ असं लिहिलेलं असेल तर ऑफिसात जाऊन विचारा: कुठल्या कंपन्या, मागच्या वर्षी किती मुलं गेली, आणि त्यातल्या एकाचा नंबर मिळेल का. तिसऱ्या प्रश्नाला मिळणारं उत्तर पहिल्या दोन प्रश्नांचं खरं उत्तर असतं.

चौथा प्रकार म्हणजे शिक्षण मंत्रालयाची राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजना, सगळे तिला ‘नॅट्स’ म्हणतात. पदवी किंवा डिप्लोमा झाल्यावर साधारण वर्षभर कंपनीत काम शिकायचं, आणि किमान विद्यावेतनाचा अर्धा वाटा सरकार उचलतं. यात कंपनी डिग्री देत नाही. ती तुमच्याकडे आधीच आहे, लॅमिनेट करून, कपाटात, आईच्या साड्यांखाली.

खरं तर कुठल्याच प्रकारात कंपनी डिग्री देत नाही. ती विद्यापीठ देतं. म्हणून पहिल्याच भेटीत विचारायचं की पदवीवर सही कोणाची असेल. समोरचा माणूस या प्रश्नावर पाणी प्यायला लागला तर आपणही पाणी पिऊन उठावं.

पाचवा प्रकारही आहे. त्यात एखाद्या सलूनच्या वरच्या मजल्यावर काचेचं दार असतं, आत एक सोफा, आणि ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ असा फलक. पैसे मागितले म्हणजे फसवणूकच असं मात्र समजू नका. टेकबीतही प्रशिक्षणाचं शुल्क असतं आणि ते उघडपणे सांगितलेलं असतं. पैसे कशाचे, पावती कोणाच्या नावाची आणि नोकरीचं पत्र पैशांच्या आधी की नंतर, हे विचारायचं.

कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, त्यामुळे तो वडिलांबरोबर बसून वाचा. तसंही तुम्ही सतरा वर्षांचे असाल तर शिकाऊपणाच्या करारावर पालकाचीच सही लागते. आयुष्यात पहिल्यांदा वडील तुमच्या नोकरीच्या कागदावर सही करणार असतात आणि पेन चालत नसतं.

कायदा आहे शिकाऊ उमेदवार अधिनियम, 1961. तो झाला तेव्हा डोळ्यांसमोर लेथ मशीन होतं. पुढं 1973 मध्ये पदवीधर आणि डिप्लोमावाले त्यात आले, आणि 2014 च्या दुरुस्तीनं इंजिनिअर नसलेल्या पदवीधरांनाही दार उघडलं. कलम 18 म्हणतं की शिकाऊ हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. याचा अर्थ असा की कामगार कायदे तुमच्यापर्यंत पोचत नाहीत आणि प्रॉव्हिडंट फंडही कापला जात नाही. वडील विचारतील, ‘पीएफ नाही म्हणजे?’ शांतपणे पुढचं कलम वाचायला घ्या.

पुढचं कलम म्हणजे मागचं, पंधरावं, आणि ते गोड आहे. शिकाऊ उमेदवाराला जादा वेळ काम करायला लावता येत नाही, करूही देता येत नाही. प्रशिक्षणाच्या किंवा सार्वजनिक हितासाठी आहे म्हणून शिकाऊ सल्लागारानं मान्यता दिली तरच. हे कलम रात्री साडेनऊला मॅनेजरला वाचून दाखवायचं नसतं. ते नुसतं माहीत असायचं असतं. माहीत असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर एक वेगळी शांतता येते, आणि का कोण जाणे, थांबवण्यासाठी मॅनेजरला शेजारचाच कोणीतरी दिसतो.

नियमांत आणखी एक बारीकशी सोय आहे: त्या त्या महिन्याचं विद्यावेतन पुढच्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत मिळालं पाहिजे. आणि एचआरच्या स्वागताच्या भाषणात ‘आम्ही तुम्हाला संधी दिली’ असं येईल तेव्हा टाळ्या जरूर वाजवा, पण 2019 च्या नियमांनुसार 30 किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात, हे टाळ्या वाजवताना मनात असू द्या. टाळ्यांचा ताल सुधारतो.

दुसरा कागद वेगळा आणि तोच खरा वाचायचा. कंपनीनं शिकवण्यावर खर्च केला म्हणून अमुक वर्षं सोडायचं नाही, सोडलं तर तमुक रक्कम भरायची, असा सेवाकरार. विप्रोच्या विल्पमध्ये तो साठ महिन्यांचा असतो आणि ते तो लपवत नाहीत. पाच वर्षं हा आकडा अठराव्या वर्षी एवढासा वाटतो; त्या वयात आपण पस्तिशीच्या माणसाला आजोबा समजतो. म्हणून त्याच्यावर वडिलांनाही बोट ठेवू द्या. त्यांनी घराच्या कर्जाचे हप्ते मोजलेले असतात, त्यांना महिने समजतात.

नातेवाइकांना समजावणे

कामोठ्यातल्या कुठल्याही सोसायटीत ‘अप्रेंटिस’ म्हटलं की कोणाच्या तरी घरात माझगाव डॉक निघतं. डॉकची अप्रेंटिस शाळा, नेव्हल डॉकयार्ड, रेल्वेचं परळ आणि माटुंगा वर्कशॉप. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या दोन पिढ्यांनी मुंबईत पाय रोवले ते असल्या दारांतून. तुम्ही एअर कंडिशनमध्ये बसून ‘अप्रेंटिस’ असल्याचं सांगितलं की खालच्या मजल्यावरचे काका आधी तुमचे हात बघतात. ग्रीस कुठे दिसत नाही. मग ते एकच प्रश्न विचारतात: ‘पर्मनंट कधी?’

याचं उत्तर तयार ठेवा. कायद्यानं शिकाऊला नोकरी द्यायचं बंधन कंपनीवर नाही आणि घ्यायचं बंधन शिकाऊवर नाही. कंपनीनं फक्त आपलं धोरण ठरवायचं असतं. काकांना हे पटणार नाही, आणि त्यांचं न पटणं निराधार नाही. 20 मार्च 2018 ला, ऐन सकाळच्या गर्दीच्या वेळी, रेल्वेत शिकाऊ म्हणून काम केलेल्या मुलांनी दादर आणि माटुंग्याच्या मध्ये रुळांवर बसून लोकल अडवल्या होत्या. मागणी हीच होती: शिकवलंत, आता घ्या; भरतीत आमच्यासाठी वीस टक्क्यांची मर्यादा कशाला? त्या दिवशी मध्य रेल्वेवर अडकलेल्या कितीतरी लोकांना पहिल्यांदाच कळलं की शिकाऊ नावाची एक जमात आहे आणि तिचा प्रश्न शिकणं संपल्यावर सुरू होतो.

आयटीत हा प्रश्न रुळांवर येत नाही. तो एका ईमेलमध्ये येतो, विषयाच्या ओळीत ‘नेक्स्ट स्टेप्स’ असं लिहून.

तेव्हा काकांना सांगा, ‘बघू, परफॉर्मन्सवर आहे.’ यावर कोणी वाद घालत नाही. आत्या विचारेल की लग्नाच्या बायोडेटात काय लिहायचं. ‘सॉफ्टवेअर’ एवढंच लिहा. पुढचा शब्द समोरची मंडळी स्वतःच जोडतात.

प्रवास

आपल्या मानसरोवर स्टेशनहून ऐरोली किंवा घणसोलीला जायचं असेल तर पनवेलहून सुटणारी थेट ठाणे लोकल पकडा. ती चुकली तर हार्बरनं नेरूळपर्यंत जा आणि तिथं बदला. ठाणे लोकलची वेळ पाठ करणं हे या अभ्यासक्रमातलं पहिलं अल्गोरिदम आहे. दीड मिनिट उशीर झाला तर पुढचा सगळा हिशेब बदलतो, आणि ‘वर्स्ट केस’ कशाला म्हणतात ते जुईनगरच्या अलीकडे थांबलेल्या गाडीत जितकं नीट समजतं तितकं वर्गात समजत नाही.

ओळखपत्राची पट्टी गळ्यात घालायची की नाही हा प्रत्येकाचा खासगी प्रश्न. पहिल्या आठवड्यात मुलं ती मानसरोवरपासून घालतात, दुसऱ्या महिन्यात ऐरोलीला उतरल्यावर, आणि सहा महिन्यांनी गेटवर खिसे चाचपतात. डबा न्या. कॅन्टीनमधल्या राजमा-राइसची किंमत विद्यावेतनानं भागून बघितली तर जेवण जात नाही.

पहिले काही आठवडे

पहिल्या दिवशी लॅपटॉप मिळेल. तो चालू होईल, पण तुम्हाला आत घेणार नाही. त्यासाठी तिकीट टाकावं लागतं, आणि तिकीट टाकायला आत असावं लागतं. शेजारच्याच्या लॅपटॉपवरून तिकीट टाका. उत्तर येईल की ही विनंती तुमच्या मॅनेजरनं मंजूर करायची आहे. मॅनेजर बेंगळुरूत आहे, त्याचा मॅनेजर टेक्सासमध्ये, आणि दोघंही सुट्टीवर नसलेला दिवस गुरुवार. घाबरू नका. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात 30 तासांना एक क्रेडिट धरतात. पासवर्डची वाट बघण्यातच पहिलं क्रेडिट पदरात पडतं.

रोज सकाळी एक छोटी मीटिंग असते. त्यात काल काय केलं, आज काय करणार आणि अडलंय काय, एवढं तीन वाक्यांत सांगायचं. काल काही केलेलं नसेल तर ‘वाचलं’ म्हणा. तिसऱ्या प्रश्नाला ‘नो ब्लॉकर्स’ म्हणायचा मोह होतो, कारण सगळे तेच म्हणतात. म्हणू नका. अडलं आहे ते अडलं आहे म्हणून सांगण्याची ही दिवसातली एकच अधिकृत वेळ असते, आणि तीत गप्प बसलेला शिकाऊ संध्याकाळी सातला विचारायला उठतो तेव्हा ज्याला विचारायचं तो कॅबमध्ये बसलेला असतो.

विचारताना पद्धत पाळा. आधी वीसेक मिनिटं स्वतः झगडा. मग काय करायचं होतं, काय केलं आणि काय झालं ते लिहा. एररचा मोबाइलवरून काढलेला तिरका फोटो पाठवू नका; एरर कॉपी होते, आणि बहुतेक कंपन्यांत स्क्रीनचा फोटो काढणं नियमाविरुद्ध असतं. डेटाबेसवर ‘डिलीट’ चालवायच्या आधी तीच अट लावून ‘सिलेक्ट’ चालवा आणि किती ओळी येतात ते बघा. अट लावायलाच विसरलात तर सगळं टेबल जातं आणि त्यानंतर सगळ्या मजल्याला तुमचं नाव पाठ होतं. शुक्रवारी दुपारनंतर चालू सिस्टिममध्ये काही बदलू नका. हे सर्व कंपन्यांत, सर्व धर्मांत आणि सर्व भाषांत सारखं आहे.

सगळ्यांत अवघड गोष्ट कोडिंगची नसते. ऑफिसात सगळ्यांना नावानं हाक मारायची असते. पंचेचाळिशीचा, डोक्यावर विरळ झालेला, आपल्या वडिलांसारखाच चष्मा लावणारा माणूस, आणि त्याला नुसतं नाव! ‘सर’ म्हटलं तर तो हसून ‘नो सर प्लीज’ म्हणतो. कामोठ्याची मुलं यावर जो तोडगा काढतात त्याचं मला कौतुक आहे. ती कर्ता काढून टाकतात. ‘ते कोड बघितलं जाईल का?’ ‘मीटिंग सुरू केली जाईल का?’ मराठी शाळेत कर्मणी प्रयोग का शिकवला होता हे वीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा कळतं. इंग्रजीतही ते तसंच बोलतात, आणि त्यांची वाक्यं सरकारी परिपत्रकासारखी ऐकू आली तरी अपमान कोणाचाच होत नाही.

गोल शिक्का

आता मुख्य विषय.

तुम्ही कॉलेजमार्फत गेला असाल तर कॉलेज तुम्हाला एक लॉगबुक देईल. आठवड्याला एक पान. काय शिकलात ते लिहायचं, खाली मार्गदर्शकाची सही, आणि सहीवर कंपनीचा गोल शिक्का. शिक्क्याशिवाय पान धरलं जाणार नाही, हे कव्हरवरच छापलेलं असतं.

कंपनीकडे शिक्का नसतो. जगभरातल्या बँकांचे व्यवहार सांभाळणारी, हजारो माणसांची, काचेच्या सात मजली इमारतीतली कंपनी. तिच्याकडे सर्व्हर आहेत, कॉफीची तीन प्रकारची यंत्रं आहेत, आणि रबरी शिक्का नाही. तुम्ही विचारलंत तर मार्गदर्शक आधी समजतच नाही. मग म्हणतो, ‘मी ईमेल करतो ना.’ तो ईमेल छापून नेलात की कॉलेजच्या ऑफिसातल्या मॅडम तो उलटसुलट करून बघतात आणि म्हणतात, ‘हे कोणीही टाइप करेल.’ हे खरं असतं, त्यामुळे उत्तर देता येत नाही. डिजिटल सही दाखवा. ‘यात पेनची सही कुठाय?’

कंपनीत शोध सुरू ठेवा. एचआर तुम्हाला लीगलकडे पाठवेल. लीगलचा शिक्का असतो, पण तो करारांसाठी, आणि तो दिल्लीत असतो. ॲडमिनकडे जा. तळमजल्यावर कुरिअर घेणाऱ्या दादांकडे एक चौकोनी शिक्का सापडेल, त्यावर तारीख फिरवायची चाकं असतात आणि ‘आवक’ असं लिहिलेलं असतं. अनेक शिकाऊ भावनेच्या भरात तो मारून घेतात. मॅडम म्हणतात, ‘हा चौकोनी आहे.’

या टप्प्यावर सगळ्यांना एक उपाय सुचतो. स्टेशनजवळ अर्ध्या तासात कुठलाही गोल शिक्का बनवून मिळतो. करू नका. त्याला बनावट दस्तऐवज म्हणतात आणि त्याची जी शिक्षा असते तिच्यात विद्यावेतन नसतं.

चालणारा मार्ग असा. पहिल्याच आठवड्यात, तुम्ही अजून नवे आणि निरागस दिसत असताना, एचआरकडून कंपनीच्या लेटरहेडवर एक पत्र घ्या: अमुक विद्यार्थी आमच्याकडे आहे, मार्गदर्शक अमुक, आमच्या कंपनीत शिक्का वापरण्याची पद्धत नाही, ईमेलनं आलेली मान्यता ग्राह्य धरावी. ते पत्र थेट मॅडमना देऊ नका. विभागप्रमुखांकडून त्यावर ‘मान्य’ लिहून घ्या, हिरव्या शाईत असेल तर उत्तम, आणि मग मॅडमकडे जा. जाताना जेवणाच्या सुट्टीनंतर जा. ‘मॅडम, जेवण झालं?’ हा प्रश्न कुठल्याच परीक्षेत येत नाही, पण याच प्रश्नावर मुलं पास होतात.

लॉगबुकात काय लिहायचं हा त्याच्या आतला प्रश्न. पहिला आठवडा लॅपटॉप नव्हता: ‘कंपनीच्या माहिती-सुरक्षा धोरणांचा अभ्यास केला.’ दुसरा आठवडा कोणाच्या तरी मागं खुर्ची घेऊन बसलात: ‘अनुभवी सहकाऱ्याच्या कार्यपद्धतीचं निरीक्षण केलं.’ तिसऱ्या आठवड्यात एक्सेलमध्ये दोन याद्या जुळवल्या: ‘डेटा व्हॅलिडेशन.’ यातलं एकही वाक्य खोटं नाही. हे जमायला लागलं की समजा, कंपनीचा वार्षिक अहवाल तुम्हाला वाचता येऊ लागला.

आणि तरी, जुळवलेल्या त्या दोन याद्यांबद्दल आणखी एक वाक्य खाली स्वतःसाठी लिहून ठेवा: किती ओळी होत्या, कुठे फरक निघाला, का निघाला. पुढच्या मुलाखतीत कोणी ना कोणी विचारतंच की नक्की काय केलंस. ‘डेटा व्हॅलिडेशन’ म्हणून भागत नाही तिथं.

रविवार

नोकरीबरोबरच्या पदवीचे वर्ग शनिवार-रविवारी, बहुतेक ऑनलाइन असतात. हार्बरवर मेगाब्लॉक असला तरी तुम्हाला कुठे जायचं नसतं, हा फायदा. सगळं घर घरातच असतं, हा तोटा. वन बीएचकेमध्ये कॉम्प्युटर नेटवर्क्सचं लेक्चर ऐकायला जागा एकच, गॅलरी, आणि तिथं शेजारच्या काकूंना वाटतं की तुम्ही फोनवर कोणाशी तरी बोलता. कॅमेरा चालू ठेवायला सांगितला तर मागची कपड्यांची दोरी काढा, किंवा निदान त्यावर काय वाळतंय ते निवडा.

इंग्लंडमध्ये 2015 पासून डिग्री अप्रेंटिसशिप आहे. तिथं अभ्यासाचा ठरलेला वेळ कामाच्या तासांतूनच द्यावा लागतो आणि विद्यापीठाची फी मुलाच्या खिशातून जात नाही. ही माहिती मॅनेजरला सांगून काही होत नाही. तो ‘इंटरेस्टिंग’ म्हणतो. परीक्षेचं वेळापत्रक मात्र लागल्या दिवशी त्याला ईमेल करा आणि रजा लेखी मागा. आपल्याकडच्या परीक्षा पुढंही जातात आणि निकाल त्याहून पुढं. 2017 मध्ये मुंबई विद्यापीठानं उत्तरपत्रिका ऑनस्क्रीन तपासायला घेतल्या तेव्हा पदवीच्या निकालांसाठी मुलं महिनोन्महिने थांबली होती. तेव्हा रजा मागताना ‘तात्पुरतं वेळापत्रक’ हा शब्द घाला. आणि एटीकेटी लागली तर कंपनीला सांगण्याआधी सेवाकरारातली गुणांची अट वाचा. काही ठिकाणी विषय राहिला तर शिक्षणाचा खर्च थांबतो.

पैसे

2019 च्या नियमांत विद्यावेतनाची किमान पायरी शिक्षणानुसार 5,000 ते 9,000 रुपये होती, पदवीधराला 9,000. मे 2025 मध्ये केंद्रीय शिकाऊ परिषदेनं त्यात 36 टक्के वाढीची शिफारस केली. हे आकडे किमान आहेत, मोठ्या कंपन्या बऱ्याचदा जास्त देतात, आणि विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. विचारा.

कामोठ्यात आईवडिलांच्या घरी राहणाऱ्याला या पैशांत मजा आहे. पास, रिचार्ज, आईची आरडी, आणि उरलेल्यात एखादा बूट. तुमच्याच टीममध्ये नांदेडहून आलेली मुलगी असेल. ती तेवढ्याच पैशांत पीजीचं भाडं आणि मेस भागवते, आणि 2025 च्या डिसेंबरात नवी मुंबई विमानतळावरून विमानं उडायला लागल्यापासून तिचा घरमालक भाड्याचा विषय विमानतळापासूनच काढतो. ‘सगळ्यांना समान’ विद्यावेतन म्हणजे ज्याचं घर जवळ त्याला जास्त, हा या योजनेतला सगळ्यांत मोठी खोट असलेला भाग आहे, आणि त्यावर विनोद सुचत नाही. तिला रविवारी जेवायला बोलवा.

शेवटचे टप्पे

मुदत संपत आली की ‘नेक्स्ट स्टेप्स’वाला ईमेल येईल, किंवा येणार नाही. दोन्ही प्रसंगांत करायचं एकच. कंपनीच्या लॅपटॉपवरच्या तुमच्या स्वतःच्या नोंदी (कोड नव्हे, तो कंपनीचा) आधीच वहीत उतरवून ठेवा, कारण शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहाला तोच लॅपटॉप तुम्हाला पुन्हा आत घेणार नाही. या वेळी तिकिटाशिवाय आणि अतिशय तत्परतेनं. मार्गदर्शकाकडून अनुभवपत्र लेटरहेडवर घ्या. त्यात ‘मेहनती आणि प्रामाणिक’ याखेरीज तुम्ही काय केलं याचं एक तरी वाक्य असावं. ते वाक्य तुम्हीच लिहून द्या, तो सही करेल. ओळखपत्र परत करताना पावती मागा.

नॅट्सखाली गेला असाल तर प्रमाणपत्राचं काम पश्चिम विभागाच्या शिकाऊ प्रशिक्षण मंडळाकडे असतं. बरंचसं पोर्टलवर होतं. होत नसेल, नावात आडनाव आधी आलं असेल किंवा आधारवरचं स्पेलिंग जुळत नसेल, तर प्रत्यक्ष जावं लागतं. ऑफिस सायनला, पूरव मार्गावर, एटीआयच्या आवारात आहे. मानसरोवरहून सीएसएमटी लोकलनं चुनाभट्टीला उतरा, सायन स्टेशनच्या नादाला लागू नका. कराराची प्रत, आधार, बँकेचं पासबुक आणि दोन फोटो बरोबर ठेवा, मागितले नाहीत तरी. आणि शनिवार-रविवार सोडून जा. घरी आलेले मामा म्हणतील की रविवारी गाड्यांना गर्दी नसते. ऑफिसलाही नसते.